पावणेपाचची भरती

डॉक्टर तेलीस म्हणाले, आत शिरता येतं अजून,
बाहेर पडता येत नाही.
गुडघे. दोन्ही.
गेल्या नाताळात मिस्सेला गेले तेव्हा
पाद्रींच्या भाच्यांनी काखेत हात घालून उपसून काढलं,
अख्खी दिवाडी बघत होती.
म्हणून विकतोय.

सतरा वर्षं मी त्यांना दात करून दिले,
पोर्सेलिनचे, एकेक, कापसात गुंडाळून,
कदंब बसमध्ये मांडीवर डबा धरून.
पणजीत दवाखान्याबाहेर ही उभी असायची,
राखी, दोन माणसांपुरती,
झोपल्या मांजरीसारखी पाठ.
माझी बिलं मात्र तीन-तीन महिने थकायची.
हिच्या एखाद्या टायरात माझ्याही चार दाढा आहेत,
असं मी लॅबमध्ये हसून सांगायची,
आणि जाताना बोनेटवर हात ठेवून जायची,
गरम आहे का बघायला.

आता ती माडाखाली, ताडपत्रीत.
कापडी छपरावर बुरशीचे नकाशे,
सीटांखाली उंदरांसाठी डांबरगोळ्या.
एक्केचाळीस हजार किलोमीटर.
माझ्या वयाच्या दर वर्षाला एक हजार.
ते एकवीस लाख म्हणाले. मी अठरा.
ते आत गेले, भिंतीला धरत धरत,
आणि बशीत पेराद घेऊन आले.
पेराद तोंडात असताना घासाघीस करता येत नाही.
साडेएकोणीस.

पारखायला बाबांना आणलं होतं.
त्यांचं आयुष्य बार्जच्या इंजीनखोलीत गेलं,
आमोणे ते मुरगाव,
वर खनिज, खाली माणूस.
उजवा कान तिथेच राहिला. डावा अजून खरा.
त्यांनी बोनेट उघडलं.
आत स्वच्छ, गालिचा घातलेला खड्डा आणि एक छत्री.
"इंजीन खंय गो?"
मागे, म्हटलं. सीटच्या पाठीशी. दिसत नाही ते.
"दिसना तें इंजीन घेता तूं?"

मी चावी फिरवली.
फाटकावरचे कावळे उठले.
बाबा वाकले, डावा कान तिच्या पाठीला लावला,
जसा आईच्या शेवटच्या महिन्यात लावायचे, रात्री,
आम्हाला वाटायचं झोपलेत.
बऱ्याच वेळाने दोन बोटं वर केली.
दुसरा सिलिंडर थोडा रडतो.
रडतो, डॉक्टर म्हणाले. रडतच इथवर आलाय.
सही करताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

नार्व्याच्या फेरीवर ओहोटी.
रॅम्प उभा उतार झालेला, शेवाळलेला,
आणि गाडीचं नाक जमिनीपासून चार बोटं.
स्कूटरी गेल्या. मासळीच्या पाट्या गेल्या.
विटांचा टेंपो गेला, मागे वळून बघत.
फेरीवाल्याने हात केला, येताय?
बाबांनीच उत्तर दिलं,
"उदक चडूंदी."

ताशी अडीचशेचा काटा असलेली गाडी घेऊन
आम्ही दोन तास पाण्याची वाट पाहिली.
मला आधी लाज वाटली. मग भूक लागली.
बाबा खांबावरची कालवांची रेघ बघत होते,
वीत, अर्धी वीत,
आणि पावणेपाचला म्हणाले, आता.

फेरीवर ते आत बसले, पहिल्यांदा.
सीटबेल्टची कडी सापडेना, मी लावून दिली.
इतकं खाली बसून मांडवी दिसतच नव्हती,
नुसता लोखंडी कठडा आणि आभाळ.
इंजीन बंद. काटा शून्यावर.
तरी आम्ही चाललो होतो.
वळणावर गंजलेली एक बार्ज आली,
कठड्यावरून फक्त तिचं केबिन दिसलं.
बाबांनी तिचं नाव घेतलं,
मग तिच्या इंजीनाचं वजन सांगितलं,
मग गप्प.

पलीकडे चढताना
खालून करकरून आवाज आला, लांब.
माझा पाय क्लचवर गोठला.
बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली, खाली पाहिलं.
"दांत गेलो गो एक," म्हणाले.
"तूंच घाल आतां."

मागे स्कूटरवाला हॉर्न देत होता.
मी अजून पहिल्याच गियरमध्ये.